कंबरेचे हत्यार : खान्देश भिल्ल पलटण ते नंदुरबार जिल्हा पोलीस दल

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा निघाला आणि इथल्या सहा तालुक्यांना स्वतःचे पोलीस दल मिळाले. संस्थेची जन्मतारीख म्हणून ही नोंद बरोबर आहे. पण पोलीस दल काही एका तारखेला जन्मत नसते. शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव इथे पोलीस त्याआधीही होते. त्यांच्या खांद्यावरची हत्यारे तीच राहिली, अहवाल पाठवायचा पत्ता तेवढा बदलला. म्हणून या दलातल्या हत्यार प्रशिक्षणाचा इतिहास लिहायचा तर धुळ्यापर्यंत, तिथून पश्चिम खान्देशपर्यंत आणि तिथूनही मागे धरणगावच्या छावणीपर्यंत जावे लागते. एवढे मागे गेल्यावर जो मुद्दा हाती लागतो तो पोलीस स्मरणिकेच्या नेहमीच्या गौरवाच्या सुरात बसत नाही, तरी मांडायला हवा. या मुलखात पोलिसी बंदूक दोनशे वर्षांपासून आहे आणि ती चालवायला शिकवण्याची परंपराही तेवढीच जुनी आहे. कंबरेचे हत्यार, म्हणजे रिव्हॉल्व्हर आणि नंतरचे पिस्तूल, मात्र हुद्द्याची खूण म्हणून आले. जी गोष्ट मानाची म्हणून मिळते तिचे शिक्षण कोणी मागत नाही. त्यामुळे जे हत्यार चालवायला सर्वांत अवघड, त्याचाच सराव सर्वांत कमी झाला. आणि जेवढा झाला त्यात नेम शिकवला गेला, गोळी झाडावी की नाही हे ठरवायला शिकवायचे राहून गेले. पिस्तुलाच्या शिक्षणात हे दुसरे अंग पहिल्याइतकेच मोलाचे आहे आणि नंदुरबारइतकी त्याची साक्ष देणारे जिल्हे महाराष्ट्रात थोडे असतील.

सुरुवात १८२५ ची. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना खान्देशातल्या भिल्लांचे बंड सैन्याने मोडत नाही हे सरकारला कळून चुकले होते. डोंगरात शिरलेल्या तुकड्या तापाने आजारी पडत आणि रिकाम्या हाताने परतत. तेव्हा भिल्लांनाच नोकरीत घेऊन त्यांची पलटण उभारण्याचे ठरले आणि ते काम जेम्स आऊट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे आले. धरणगाव हे तिचे ठाणे. धनुष्यबाण वापरणाऱ्या माणसाला बंदूक, कवायत आणि पगार देऊन सरकारी शिपाई करायचा, हा खान्देशातला हत्यार प्रशिक्षणाचा पहिला संघटित प्रयोग. भिल्लांना भिल्लांवर घालण्याची ही साम्राज्याची चाल होती, यात शंका नाही. ज्या जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींचे लोक आहेत, तिथे हे झाकून पलटणीचा गौरव करणे शोभणार नाही. तरीही प्रशिक्षणाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. आऊट्रमने आधी भिल्ल नाईकांचा विश्वास मिळवला, त्यांच्यात निःशस्त्र वावरला, आणि मग त्यांच्या हाती बंदूक दिली. पुढे या पलटणीने खजिन्याचे पहारे, कैद्यांची ने-आण आणि चौक्या ही कामे फौजेकडून आपल्याकडे घेतली. जिल्हा मुख्यालयातल्या शिपायाला आजही गार्ड ड्युटी आणि कैदी पार्टी याच कामांसाठी हत्यार मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पलटण पोलिसांत विलीन झाली, कामे मात्र तीच राहिली.

१८६१ चा पोलीस कायदा, मुंबई इलाख्याचे १८६७ आणि १८९० चे जिल्हा पोलीस कायदे यांतून आजच्या दलाचा सांगाडा तयार झाला. हत्यारी आणि बिनहत्यारी अशा दोन शाखा पडल्या. १८५७ चा धडा सरकार विसरले नव्हते. देशी शिपायाच्या हाती फौजेच्या तोडीची बंदूक पडू नये, याची काळजी पुढे कितीतरी दशके घेतली गेली. पोलिसांना मिळालेली .४१० ची मस्केट हा त्याचाच नमुना. .३०३ रायफलीची नळी मोठी आणि गुळगुळीत करून, एका वेळी एकच काडतूस बसेल अशी ती बनवलेली असे. शिपायाच्या हाती हे, आणि साहेबाच्या कंबरेला वेब्लीचे रिव्हॉल्व्हर. शिपायाला बंदूक मिळे ती पहाऱ्यापुरती, मोजून, सही करून, आणि पहारा संपला की ती शस्त्रागारात जमा. रिव्हॉल्व्हर साहेबाच्या अंगावर राही, गळ्यातल्या दोरीसकट, पट्ट्यासकट, पोशाखाचा भाग होऊन. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने पोलिसांच्या शिक्षणाकडे लक्ष वेधले. १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला पोलीस प्रशिक्षण शाळा निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला गेली, तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. योगायोग असा की १९०६ मध्येच खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि नंदुरबार पश्चिम खान्देशात आले. पोलीस म्हणजे मुख्यतः कायदा, कवायत आणि तपास, अशीच या शिक्षणाची धारणा होती आणि ती चूक नव्हती. पण त्यात रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्याची खासगी बाब होऊन बसले. ज्याला ते मिळे त्याला ते चालवता येते, असे गृहीत धरले जाई.

या गृहीताची किंमत काय, हे नंदुरबारने १९४२ मध्ये पाहिले. ‘चले जाव’ची हाक दिल्याला महिना झाला होता. ९ सप्टेंबरला शाळकरी मुलांची मिरवणूक माणिक चौकात आली, पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. सहा महिने उलटायच्या आत, २ मार्च १९४३ रोजी, तळोदा तालुक्यातल्या रावलापाणी इथे आप धर्माच्या अनुयायांवर गोळ्या चालल्या. संत गुलाम महाराजांनी दारू-मांस सोडायला लावून उभी केलेली ही आदिवासी चळवळ त्यांच्यानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज चालवत होते. एकमेकांना ‘आप’ म्हणणाऱ्या त्या जमावाचे सामर्थ्य बंदुकीत नव्हते, हे उघड आहे. या दोन घटना पोलीस दलाच्या स्मरणिकेत सहसा येत नाहीत. आल्या तरी स्वातंत्र्यलढ्याच्या सदरात, हुतात्म्यांच्या बाजूने येतात. त्या हत्यार प्रशिक्षणाच्या इतिहासातही यायला हव्यात. कारण दोन्ही ठिकाणी हत्यारे बिघडली नव्हती, नेमही चुकला नव्हता. शिपायांनी शिकवल्याप्रमाणे गोळ्या झाडल्या. चुकला तो निर्णय, आणि गोळीबाराचा निर्णय बहुधा कंबरेला रिव्हॉल्व्हर असणाऱ्याचा असतो. पिस्तुलाच्या शिक्षणाचा प्रश्न म्हणूनच दहा-वीस अधिकाऱ्यांच्या नेमबाजीपुरता उरत नाही. जो माणूस ते हत्यार बाळगतो तोच इतरांच्या रायफलींचे तोंड कुठे वळायचे ते ठरवतो.

यावर एक हरकत येईल, आणि ती वजनदार आहे. तो गोळीबार शिक्षणाच्या अभावी झाला नाही, परकी सत्तेच्या धोरणामुळे झाला. साहेबाला जे करायचे होते तेच त्याने केले, मग शिक्षणाचा संबंध काय? धोरणाचा वाटा मोठा होता हे कबूल. पण १८९८ च्या फौजदारी संहितेतही बेकायदा जमाव पांगवण्याआधी हुकूम द्यायचा, तो न मानल्यासच बळ वापरायचे, अशी पायरी होतीच. नियम कागदावर असूनही तो चौकात उतरत नाही, याचे एक कारण हेही असते की ज्या माणसाने तो अमलात आणायचा, त्याने त्याची तालीम कधी केलेली नसते. गर्दी पुढे सरकते आहे, घोषणा कानावर आदळत आहेत, मागे शिपाई हुकमाची वाट पाहत आहेत. अशा वेळी वाचलेले कलम आठवत नाही, हाताला आणि जिभेला जे वळण लागलेले असते तेच घडते. स्वतंत्र देशाच्या पोलिसांना परक्या धोरणाची सबब उरलेली नाही. तालमीचा प्रश्न मात्र होता तिथेच आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पन्नास वर्षांबद्दल थोडक्यात सांगता येईल. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला, १९५९ चा शस्त्र कायदा आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि पश्चिम खान्देशाचा धुळे जिल्हा झाला. मस्केटच्या जागी .३०३, मग ७.६२ ची एसएलआर, मग ५.५६ ची इन्सास. अधिकाऱ्यांच्या कंबरेला .३८ चे रिव्हॉल्व्हर राहिले आणि हळूहळू इशापूरच्या कारखान्यातले ९ मिलिमीटरचे पिस्तूल आले. ब्राउनिंगच्या मूळ रचनेवरचे, तेरा राऊंडच्या मॅगझीनचे. शिपायाचे मूलभूत प्रशिक्षण धुळ्यासारख्या प्रशिक्षण केंद्रात नऊ महिन्यांचे, थेट भरती झालेल्या उपनिरीक्षकाचे नाशिकच्या अकादमीत. त्यानंतर आपापल्या जिल्ह्यात वर्षाकाठी चांदमारी. हत्यारे बदलत गेली, चांदमारीचा साचा फारसा बदलला नाही. स्थिर उभे राहायचे, दिवसाउजेडी, ठरलेल्या अंतरावरच्या लक्ष्यावर, हुकूम मिळाला की मोजक्या गोळ्या झाडायच्या, गुण मांडायचे आणि पुंगळ्या मोजून परत द्यायच्या.

रायफलीसाठी हा साचा एक वेळ चालून जाईल. पिस्तुलासाठी तो का चालत नाही, हे त्या हत्याराच्या घडणीतच आहे. जुन्या .३०३ वर नेम धरायची मागची आणि पुढची माशी यांच्यात सुमारे अर्ध्या मीटरचे अंतर असते. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलावर ते सुमारे सोळा सेंटीमीटर. पुढची माशी नेमापासून एक मिलिमीटर ढळली, तर २५ मीटरवर रायफलीची गोळी पाच सेंटीमीटर बाजूला जाते, पिस्तुलाची पंधरा सेंटीमीटरांहून जास्त. म्हणजे तोच हात, तोच डोळा, तेवढीच थरथर, आणि चूक तिप्पट. रायफलीला खांद्याचा टेकू असतो. पिस्तूल दोन मनगटांच्या भरवशावर अधांतरी असते. चापाचे गणित आणखी वाईट. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न चढवता चाप ओढायचा तर बोटाला हत्याराच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. किलोभरही न भरणारी वस्तू एका बोटाने एवढ्या जोराने दाबली की ती हलणारच. ती न हलू देणे हेच कौशल्य, आणि ते महिन्याभराच्या खंडानेही गंजते. इशापूरच्या पिस्तुलात घोडा चढलेला असल्याशिवाय चाप चालत नाही. सुरक्षेसाठी ते चेंबर रिकामे ठेवून बाळगले तर प्रसंगी होल्स्टरमधून काढणे, स्लाइड ओढणे, नेम धरणे आणि मग चाप, अशा चार क्रिया दोन-अडीच सेकंदांत कराव्या लागतात. यातल्या पहिल्या दोन क्रिया चांदमारीच्या ठरीव साच्यात शिकवल्याच जात नाहीत, कारण तिथे हत्यार आधीच हातात असते.

रिकामे करण्याचीही तीच गोष्ट. पिस्तूल रिकामे करताना आधी मॅगझीन काढायचे, मग स्लाइड ओढून चेंबरमधले काडतूस बाहेर टाकायचे, मग डोळ्याने आणि बोटाने चेंबर तपासायचे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड आणि मग मॅगझीन, की वरचे काडतूस चेंबरमध्ये शिरून बसते आणि हातात मॅगझीन आलेल्या माणसाला वाटते की हत्यार रिकामे आहे. काही पिस्तुलांत मॅगझीन काढल्यावर चाप चालत नाही, काहींत चालतो. दोन्ही प्रकार हाताळणाऱ्याला एकाची सवय दुसऱ्यावर घात करते. हत्यार साफ करताना किंवा जमा करताना गोळी सुटल्याच्या ज्या बातम्या अधूनमधून येतात, त्यांच्या मुळाशी बहुधा हा उलटा क्रम असतो. वाळूने भरलेल्या पेटीकडे तोंड करून, दुसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली हत्यार भरणे आणि रिकामे करणे ही सवय मुख्यालयातल्या शस्त्रागारात टिकते. दूरच्या ठाण्यात, रात्रपाळी बदलताना, दोघेच जण असताना टिकते का, यावर शिक्षणाची खरी परीक्षा होते.

जगात हा प्रश्न नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच उकलून ठेवला गेला आहे. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीतल्या पोलीस दलात, ज्यात शीख शिपायांचीही मोठी तुकडी होती, विल्यम फेअरबर्न आणि एरिक साइक्स यांनी आपल्या शहरातल्या चकमकींचा अभ्यास केला. त्यांना दिसले की पिस्तुलाचा वापर जवळच्या अंतरावर, अपुऱ्या उजेडात, घाईत आणि बहुधा हलताना होतो. कागदी लक्ष्यावर सावकाश झाडलेल्या गोळ्यांशी त्याचा फारसा संबंध नसतो. त्यांनी सराव त्याप्रमाणे बदलला आणि १९४२ मध्ये आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. (त्याच वर्षी माणिक चौकात आपल्याकडे काय घडले ते वर आलेच आहे.) अलीकडचा पुरावा न्यूयॉर्कचा. तिथल्या पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या गोळीबारांचा अभ्यास रँड या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केला. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या अठराच गोळ्या लक्ष्याला लागल्या, समोरून गोळ्या येत नसतानाही तीसच. हे जगातल्या अत्यंत सुसज्ज दलांपैकी एकाचे आकडे आहेत. उरलेल्या गोळ्या हवेत विरत नाहीत, कुठेतरी जातातच.

त्या कुठे जातात, हा विचार नंदुरबारमध्ये शहरापेक्षाही अधिक करायला हवा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कितीतरी घरे कुडाच्या भिंतींची आहेत. ९ मिलिमीटरची धातूच्या आवरणाची गोळी कुडाला जुमानत नाही, एसएलआरच्या गोळीची तर बातच सोडा. एका खोपटाच्या दारात उभ्या असलेल्या आरोपीवर झाडलेली गोळी त्याच्या मागच्या भिंतीतून पलीकडे निजलेल्या पोरापर्यंत जाऊ शकते. लक्ष्यामागे काय आहे ते आधी पाहा, हा नियम प्रत्येक देशातल्या पुस्तकात आहे. इथे तो कुडाची भिंत उभारून, तिच्यामागे लक्ष्य ठेवून, गोळी आरपार गेलेली दाखवून शिकवायला हवा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजाराच्या गर्दीत उभ्या असलेल्या अधिकाऱ्यासमोर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो: तिथे बहुतेक वेळा बरोबर उत्तर एकच असते, हत्यार होल्स्टरमध्ये राहू देणे. इशाऱ्याचेही तसेच. गोळी झाडण्यापूर्वी इशारा द्यायचा, तो ऐकणाऱ्याला कळला पाहिजे. पावरी, भिली, मावची, अहिराणी बोलणाऱ्या मुलखात मराठीतून वा हिंदीतून ओरडलेला हुकूम कितीदा नुसता आवाजच ठरत असेल. ‘थांब, हात वर कर, हत्यार टाक’ ही तीन वाक्ये स्थानिक बोलींत, मोठ्या आवाजात, पिस्तूल रोखलेल्या अवस्थेत म्हणायचा सराव देणे फुकट आहे. त्याला काडतूस लागत नाही, फक्त त्या बोली येणारे शिपाई लागतात, आणि ते या दलात नक्कीच आहेत.

दुसरी हरकत नेमकी उलट टोकाची आहे. पोलिसाला थांबायला, विचार करायला शिकवाल, तर तो मारला जाईल. २६/११ विसरलात का? ती रात्र विसरण्यासारखी नाही, पण ती या मुद्द्याच्या विरुद्ध साक्ष देत नाही. २००८ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी फार विचार केला म्हणून ते मागे पडले नाहीत. त्यांच्या हाती लाठ्या आणि जुन्या रायफली होत्या आणि सरावाला पुरेशी काडतुसे मिळत नव्हती. राम प्रधान समितीने या उणिवांवर बोट ठेवले आणि त्यानंतर फोर्स वन उभे राहिले, जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र कृती दलांना नवी हत्यारे मिळाली. गिरगाव चौपाटीवर लाठी घेतलेल्या तुकाराम ओंबळे यांनी रायफलीची नळी छातीशी धरून ठेवली, म्हणून एक हल्लेखोर जिवंत सापडला आणि कटाचा उलगडा न्यायालयात होऊ शकला. ओंबळे यांच्या शौर्याला तोड नाही. पण ज्या व्यवस्थेला अशा शौर्याची गरज पडली तिच्याकडून घ्यायचा धडा सरावाचाच आहे. ज्याचा हात हत्यारावर बसलेला असतो त्यालाच अर्ध्या सेकंदाचा विचार परवडतो. ज्याला पिस्तूल नीट काढताही येत नाही तो एकतर गोठतो किंवा घाबरून पहिली गोळी झाडतो. कौशल्य आणि संयम यांत निवड करायची नसते. कौशल्य नसेल तर संयमाला जागाच उरत नाही.

तिसरी हरकत व्यवहाराची, आणि ती मुख्यालयातून हमखास ऐकू येणारी. हा जिल्हा गडचिरोली नाही. इथे नक्षलविरोधी सी-६० पथकाची गरज पडली नाही. वर्षानुवर्षे अधिकाऱ्याला पिस्तूल काढावेही लागत नाही. मग एवढी काडतुसे आणि मनुष्यबळ कशाला? ही शांतता खरी आहे आणि ती या दलाचे श्रेय आहे. पण सातपुड्यापलीकडच्या बडवानी भागातून येणाऱ्या गावठी कट्ट्यांची चिंता खान्देशच्या सगळ्याच जिल्ह्यांना आहे आणि तीन राज्यांच्या सीमेवर आरोपीच्या मागे जाणारा उपनिरीक्षक बहुधा एक पिस्तूल आणि दोन शिपाई घेऊन जातो. क्वचित वापरावे लागणारे हत्यार म्हणजे कमी शिकवावे लागणारे हत्यार, हा तर्कच उलटा आहे. रोज वापरात असलेली गोष्ट हाताला आपोआप येते; क्वचितची येत नाही. खर्चाचे म्हणाल तर पिस्तुलाच्या शिक्षणाचा मोठा भाग गोळीविनाच होतो. पकड, होल्स्टरमधून काढणे, चाप न हलवता दाबणे, मॅगझीन बदलणे, अडकलेले काडतूस काढणे, रिकामे करणे, हे सारे नकली काडतुसांनी, कवायतीच्या मैदानावर, आठवड्याला पंधरा मिनिटांत होऊ शकते. खऱ्या काडतुसांसाठीही फार दूर पाहायला नको. लहान शस्त्रांचा दारूगोळा बनवणारा वरणगावचा कारखाना खान्देशातच आहे.

निर्णयाच्या शिक्षणाला कायद्याने आता पर्यायच ठेवलेला नाही. ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र गुन्ह्याचा आरोप नाही अशा माणसाला अटक करताना ठार मारण्याचा अधिकार पोलिसाला नाही, हे याआधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये होते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. ही नवी संहिता १ जुलै २०२४ पासून, म्हणजे जिल्ह्याच्या वाढदिवशीच, लागू झाली. जमाव पांगवण्याची तरतूद कलम १२९ वरून १४८ वर गेली. मुंबईतल्या चकमकींवरून आलेल्या पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सोळा मुद्द्यांची कार्यपद्धती घालून दिली. पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, वापरलेली हत्यारे तपासणीसाठी जमा करायची, दंडाधिकारी चौकशी व्हायची आणि लगेच पदोन्नती वा शौर्यपदक द्यायचे नाही. कित्येक अधिकाऱ्यांना हे ओझे वाटते. वस्तुतः झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब देता येईल असा सराव ज्याने केला आहे, त्याच्यासाठी हीच कार्यपद्धती ढाल आहे. चांदमारीच्या नोंदवहीत गुणांच्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत असे मला वाटते: न झाडायच्या लक्ष्यावर किती गोळ्या गेल्या, आणि इशारा दिला की नाही. जे मोजले जात नाही ते सरावातही उतरत नाही. राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलात आशियाई सुवर्ण आणले याचा अभिमान प्रत्येक महाराष्ट्रीयाला आहे; पण क्रीडा नेमबाजीत समोरचे लक्ष्य योग्य आहे का हा प्रश्नच नसतो, पोलिसाला तो सर्वांत आधी सोडवावा लागतो.

नेम आणि निर्णय यांच्या पलीकडे मनाची स्थिती आहे, तिच्याबद्दलही एक शब्द. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना सरकारी हत्याराने ठार केले. त्याला हत्यार चालवता येत होते, किंबहुना तोच धोका ठरला. हत्यार देण्यापूर्वी रात्रभर जागलेला, आजारी, खचलेला माणूस ओळखून त्याला त्या दिवशी हत्यार न देण्याचा अधिकार शस्त्रागाराच्या हवालदारालाही असावा आणि तो वापरल्याबद्दल त्याला बोलणी बसू नयेत.

पोलिसांपुरताच हा विषय संपत नाही, कारण जिल्ह्यात हत्यार बाळगणारी माणसे पोलिसांबाहेरही आहेत. बँकांच्या दारात आणि रोकड नेणाऱ्या गाड्यांवर बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असलेला पहारेकरी बहुधा माजी सैनिक किंवा खासगी एजन्सीचा माणूस असतो. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार त्याला किमान वीस दिवसांत शंभर तासांचे वर्गातले आणि साठ तासांचे मैदानी शिक्षण लागते. माजी सैनिक व पोलिसांना त्याहून कमी. त्या अभ्यासक्रमात बंदूक हाताळणे हा विषय ऐच्छिक आहे. हत्यार हाती देऊन त्याचे शिक्षण ऐच्छिक ठेवणे ही साहेबाच्या रिव्हॉल्व्हरचीच जुनी रीत आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र सक्तीचे केले हे चांगले झाले, पण ते शिक्षण प्रत्यक्ष द्यायचे कुणी, हा प्रश्न जिल्ह्याच्या ठिकाणी उरतोच. शस्त्र परवान्याचा प्रत्येक अर्ज चौकशीच्या अहवालासाठी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात येतो. राखीव पोलीस निरीक्षक, कवायत निर्देशक आणि आरमोरर हे तिघे त्याच आवारात असतात. महिन्यातला एक रविवार या अर्जदारांसाठी आणि जिल्ह्यातल्या बँकांच्या पहारेकऱ्यांसाठी मैदान उघडून दिले, पहिले दोन तास एकही गोळी न झाडता हत्यार भरणे-रिकामे करणेच शिकवले, आणि जो ते नजरेसमोर बिनचूक करून दाखवेल त्यालाच पुढच्या तासाला चांदमारीवर नेले, तर त्यासाठी नव्या इमारतीची, नव्या पदाची किंवा मंत्रालयातल्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये.